गेंदालाल पहिलवान, मी आणि दत्तूभाऊंची नडगी

"डॉक्टरसाहेब कधी येणार?" हा प्रश्न मी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीवर बसून इतक्यांदा ऐकला आहे की पुढे पुढे मी "बसा, येतीलच" असं सांगून थोड्या वेळाने त्याच खुर्चीवरून "या, काय होतंय?" असं विचारायला लागले. हाडांची डॉक्टर बाईमाणूस असू शकते, हे तेव्हा परदेशीपुऱ्यात, आमच्या त्या मिल कामगारांच्या वस्तीत, कोणाला पटायचं नाही. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची. हाड बसवायचं तर दंड हवेत, मिशा हव्यात. एक म्हातारी मोडलेलं मनगट पदरात धरून आली आणि मला म्हणाली, "बेटा, तू नाडी पाहून घे. हाड साहेब आल्यावर बसवू." मी तिच्याशी तिच्या नातवंडांच्या गप्पा मारता मारता मनगट ओढून बसवलं. ती एकदा ओरडली, मग हाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हओ, तुझ्यात तर जान आहे!"

त्यात माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान आणि बाजूने अरुंद, उभा जिना. हाडांचा दवाखाना जिन्यावर असणं म्हणजे विनोदच होता, आणि समोरचा पोहेवाला तो विनोद रोज नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "भिया, मैडम की जाँच तो नीचे ही हो जाती हे. सीढ़ी चढ़ गए तो समझो हड्डी साबुत हे, घर जाओ!" ज्यांना खरंच चढता येत नसे त्यांना टायरवाल्याची माणसं खुर्चीत बसवून वर आणत. माझा प्लास्टर करणारा राधेश्याम जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून "दाएँ से, दाएँ से" असं ओरडत असे. खुर्ची नेमकी डाव्या भिंतीला घासून यायची.

आता सुदामा नगरच्या घरी बसून हे लिहिताना गंमत वाटते. हाडांविषयी लिहायचं म्हणजे आधी एक गैरसमज काढायला हवा. लोकांच्या डोक्यात हाड म्हणजे शाळेतल्या कपाटातला सांगाडा. कोरडा, पिवळट, निर्जीव. मांस जिवंत, कातडी जिवंत आणि हाड म्हणजे आतली काठी. तसं नसतं. जिवंत माणसाचं हाड ओलं असतं, गुलाबीसर असतं. ते मोडलं की त्यातून रक्त येतं. हाडात बांधकाम करणाऱ्या पेशी असतात आणि पाडकाम करणाऱ्याही असतात. दोघींचं काम जन्मभर शेजारी शेजारी चालू असतं. जुनं काढायचं, नवं भरायचं. आपल्याला पत्ता नसतो.

पोटातल्या बाळाचं पायाचं हाड आधी हाड नसतंच. कानाची पाळी सोडून वरचा भाग चिमटीत धरून पाहा. वाकतो, सोडला की परत जागेवर येतो. असल्याच मऊ, चिवट पदार्थाचा हाडाच्या आकाराचा एक नमुना आधी तयार होतो. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, चुना भरला जातो, आणि मधून टोकांकडे हाड पक्कं होत जातं. टोकांजवळ मात्र मऊ पट्टा राहतो. मूल उंच होतं ते त्या पट्ट्यामुळे. वाढ पुरी झाली की पट्टा मिटतो आणि मग कितीही लोंबकळा, उंची वाढत नाही.

हा पट्टा एक्स-रेत दिसत नाही. तिथे नुसती काळी फट दिसते. या फटीपायी मी एकदा मार खाता खाता वाचले. सियागंजातल्या गोदामात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. पोरगी पतंग काटायच्या नादात कट्ट्यावरून पडली होती. हात कोवळ्या फांदीसारखा एका बाजूने चिरला होता, दुसऱ्या बाजूने नुसता वाकला होता. मुलांची हाडं अशीच मोडतात. मी हात सरळ करून प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ एक्स-रे घेऊन, दोन भावांना सोबत आणून, जिना धाडधाड चढत आले.

"मैडम, तुम्ही एकच ठिकाणी तुटलंय म्हणाल्या. हे पहा! इथे मनगटाशी तुटलंय. इथे पण तुटलंय. पोरीच्या हाताचा चुराडा झालाय आणि तुम्ही म्हणता मामुली आहे?"

मी त्यांच्या भावाच्या कडेवरच्या, धडधाकट पोराच्या हाताचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं. आणला. त्यातही त्याच फटी. तिघे भाऊ बराच वेळ खिडकीच्या उजेडात तो एक्स-रे धरून उभे होते. मग धाकटा हळूच म्हणाला, "मतलब याचा पण तुटलाय?" त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली, पण पुढे त्या खानदानातली सगळी हाडं माझ्याकडेच आली.

दत्तूभाऊ शिंदे माझ्याकडे आले ते मात्र सरळ माझ्याकडे आले नाहीत. आधी ते गेंदालाल पहिलवानांकडे जाऊन आले.

तो काळ असा होता की परदेशीपुऱ्यातल्या मिल एकेक करून बंद पडल्या होत्या. पूर्वी माझ्याकडे मिलमधली माणसं येत. यंत्रात बोट सापडलेलं, गाठोडं उचलताना पाठ धरलेली. भोंगा बंद झाला आणि माझी गिऱ्हाइकं बदलली. कोणी नवीन घेतलेल्या मोटरसायकलवरून पडून येई, कोणी भाड्याच्या रिक्षासकट उलटून. घराघरांत केबल आली होती. एका खोलीच्या घरातही दहा चॅनल दिसायला लागले होते, आणि त्या केबलच्या तारा छपरांवरून ओढायला माणसं लागत. मागांच्या खात्यात जॉबर असलेले, म्हणजे बिघडलेले माग नीट करून पुन्हा चालू करणारे दत्तूभाऊ असेच एका केबलवाल्याकडे तारा ओढायला लागले होते. पन्नाशीला आलेला माणूस. जन्मभर सपाट जमिनीवर काम केलेलं. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पाय टाकताना मधल्या गल्लीत पडले. पडताना तार हातातून सुटली नाही, म्हणून अख्ख्या गल्लीची केबल गेली. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. दत्तूभाऊंना उचलायला जितके लोक आले, त्याहून जास्त तार कुठे तुटली ते शोधायला गेले, असं पुढे ते स्वतःच हसून सांगायचे.

नडगी मोडली होती. त्यांना खाटेवर घालून गेंदालाल पहिलवानांच्या आखाड्यात नेलं. पहिलवान म्हणजे त्या भागातले हाड बसवणारे. रुंद छाती, मोडक्या कानांचा आकार फुलकोबीसारखा, आवाज मात्र एकदम मऊ. त्यांनी हळद-चुन्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तीन-चार दिवसांत पाय इतका सुजला की दत्तूभाऊंच्या बायकोने, सुमनबाईंनी, कोणाला न विचारता कामट्या सोडल्या आणि टायरवाल्याच्या माणसांना हाक मारली.

खुर्चीतून वर आलेले दत्तूभाऊ आधी मला पाहून दचकले. मग सुमनबाईंना म्हणाले, "अगं, ही तर बाई आहे."

"मी पण बाईच आहे," सुमनबाई म्हणाल्या. "मी आणलं ना इथपर्यंत? बसा गुपचूप."

नशीब चांगलं होतं. कातडी फाटली नव्हती आणि रक्ताचा पुरवठा शाबूत होता. हाड ओढून रेषेत आणलं आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. सूज उतरल्यावर बदललं. दोघांना समोर बसवून मी नेहमीचं सांगितलं. मोडलेल्या जागी आधी रक्त साचतं. त्या रक्ताची गाठ म्हणजे कचरा नव्हे, तिथूनच कामाला सुरुवात होते. मग तिथे मऊ, चिवट असा जोड तयार होतो, अगदी बाळाच्या हाडाचा पोटात होतो तसा. मग त्यात चुना भरत जातो आणि हाडाभोवती एक फुगीर गाठ येते. त्याला आम्ही कॅलस म्हणतो. शेवटी पाडकाम करणाऱ्या पेशी ती जास्तीची गाठ हळूहळू तासून काढतात.

"म्हणजे गर्भात झालं तेच परत?" सुमनबाईंनी विचारलं.

"जवळजवळ तेच."

"ऐकलं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता नऊ महिने घेऊ नका म्हणजे झालं."

गंमत म्हणून बोलल्या, पण नडगी हे हाड खरंच आळशी आहे. तिच्या पुढच्या बाजूला हात फिरवून पाहा, कातडीखाली लगेच हाड लागतं. मांस नाही, म्हणून रक्तही बेताचं. मनगट जुळतं, बरगडी जुळते, नडगी मात्र आपल्या सवडीने.

सूज गेली, दुखणं कमी झालं, तेव्हा मी मोठं प्लास्टर काढून गुडघ्याखालचं चालायचं प्लास्टर घातलं. राधेश्यामने खालच्या दुकानातून जुन्या टायरचा तुकडा कापून आणला आणि तळव्याखाली टाच म्हणून बसवला. मी दत्तूभाऊंना सांगितलं, "आता चालायचं. काठी घ्या, वजन टाका, चाला. नडगीवर भार पडला की हाडाला कळतं की इथे मजबूत व्हायला पाहिजे. पडून राहिलात तर त्याला वाटतं, कोणाला गरज नाही. आणि विडी बंद."

"हओ," दत्तूभाऊ म्हणाले.

पुढच्या वेळी एक्स-रे पाहिला तर दोन टोकांच्या मधली काळी रेघ तशीच. त्याच्या पुढच्या वेळी तशीच. कॅलसचा धुरकट पुंजका दिसायला हवा होता तो नावालाच. प्लास्टरच्या टाचेकडे पाहिलं तर रबरावर ओरखडाही नव्हता. नवीन जोड्यासारखी कोरी.

"दत्तूभाऊ, चालता ना?"

"चालतो की."

सुमनबाई मागून म्हणाल्या, "खाटेपासून संडासापर्यंत. आणि संडासापासून खाटेपर्यंत. बाकी दिवसभर टीव्ही. विडी मोजायची सोडली मी."

"मैडम, टेन्शनमध्ये विडी लागतेच, खोटं नाही बोलणार," दत्तूभाऊ म्हणाले. "आणि आराम केल्याशिवाय हाड कसं जुळेल?"

मी परत सगळं सांगितलं. जरा चढ्या आवाजात. असंच राहिलं तर मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करावं लागेल, कमरेचं हाड खरवडून इथे भरावं लागेल, आणि त्यानेही जुळलं नाही तर जन्मभर नळीत बिजागरी बसवल्यासारखा पाय हलत राहील, हे सांगितलं. आतापर्यंत हसतखेळत बोलणारा हा माणूस खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मैडम, चालायचं कुठे?"

मला कळलं नाही.

"मिल होती तेव्हा भोंगा वाजला की पाय आपोआप निघायचे. डोकं नंतर निघायचं. आता सकाळी उठून काठी घेऊन निघालो तर कोपऱ्यावर चार जण विचारतात, दत्तूभाऊ कुठे? काय सांगू? हाड जोडायला चाललोय?"

माझ्याकडे असे आणखीही आले होते. मिल बंद झाल्यावर मोडलेले, आणि मोडल्यावर पडूनच राहिलेले. त्यांतल्या काहींना मी उठवू शकले नाही. एकाची मांडी वाकडी जुळली, एकाची जुळलीच नाही, आणि दोघांनीही मला काही बोल लावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दत्तूभाऊंच्या बाबतीत मी एक वेगळी युक्ती करायची ठरवली. त्यांचा भरवसा होता पहिलवानांवर. माझ्याकडे येऊनही ते "पहिलवान म्हणायचे..." असं अधूनमधून ऐकवत. म्हणून एके सकाळी मी आखाड्यावर गेले.

आखाड्यात बायकांना प्रवेश नव्हता. मी दाराबाहेर निंबाच्या झाडाखाली उभी राहिले. आत मातीत दोन पठ्ठे एकमेकांना कवळ घालून होते, ते मला पाहून तसेच थिजले. पहिलवान पंचा गुंडाळत बाहेर आले.

"डॉक्टरनी साब! आप? कोई गलती हो गई क्या?"

"गलती नहीं, मदद चाहिए," मी म्हणाले आणि दत्तूभाऊंचं सगळं सांगितलं. पाय तुमच्याकडून माझ्याकडे आला होता, हे मी मुद्दाम बोलले नाही. त्यांनीही ते काढलं नाही. मोठ्या माणसांसारखे वागलो दोघेही.

"तो मैं क्या करूँ?"

"त्यांना हुकूम द्या. रोज सकाळी घरून इथे चालत यायचं, मारुतीचं दर्शन घ्यायचं आणि परत चालत जायचं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

पहिलवान खूश झाले, पण लगेच हो म्हणाले नाहीत. डोकं खाजवत, जमिनीकडे पाहत म्हणाले, "एक बात थी. मेरा एक शागिर्द हे. उसके घुटने में बड़ी तकलीफ हे. उठते-बैठते कट-कट बोलता हे. सीढ़ी उतरते जान निकलती हे."

"पाठवा ना त्याला."

"वो... शरमाता हे."

मी त्यांच्या उभं राहण्याकडे पाहिलं. सगळा भार डाव्या पायावर होता, उजवा गुडघा जरा वाकलेला, बाहेरून फुगलेला. "शागिर्दाची उमर काय?" मी विचारलं.

"होगी... मेरे जित्ती."

"वजन?"

"वो भी... मेरे जित्ता."

"त्याला सांगा, बैठका बंद करायच्या. मांडीचे स्नायू घट्ट करायचा एक व्यायाम मी दाखवते, तो बसल्या बसल्या होतो. आणि एक्स-रे काढायचा असेल तर दुपारी या, तेव्हा दवाखान्यात कोणी नसतं. शागिर्दाला घेऊन."

"शागिर्द नहीं आ पाया तो?"

"तर त्याचा गुडघा तुम्ही घेऊन या."

पहिलवान इतके मोकळे हसले की आतले पठ्ठे कुस्ती सोडून दारात आले. पुढे ते तोंडावर गमछा बांधून खरंच दुपारी यायचे. जिना चढताना त्यांचा गुडघा वाजायचा, त्यावरून राधेश्याम मला आधीच सांगायचा, "शागिर्द आ रिया हे."

हुकूम सुटला. सुमनबाईंनी येऊन सांगितलं की दत्तूभाऊ रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला टिळा लावून, काठी घेऊन आखाड्याला निघतात. मी स्वतःवरच खूश झाले. पुढचा एक्स-रे मोठ्या आशेने उजेडात धरला. काळी रेघ तशीच. रबराची टाच कोरीच.

"हे कसं?" मी विचारलं.

दत्तूभाऊ प्लास्टरवरची धूळ झटकू लागले. सुमनबाई त्यांच्याकडे पाहायला लागल्या. उत्तर दिलं खुर्ची न्यायला वर आलेल्या टायरवाल्याने, तेही सहज. "मैडम, दत्तूभिया तो रोज सवेरे मेरे सामने से निकलते हें. दूधवाले के पीछे, साइकिल पे. एकदम राजा के जेसे!"

त्या दिवशी मी फार चिडले. दत्तूभाऊंना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते मान खाली घालून खुर्चीतून खाली गेले. सुमनबाई मागे राहिल्या. त्या घरी शिवणकाम करत. मिल बंद झाल्यावर तयार कपड्यांचे ठेकेदार गल्लीगल्लीत कापलेले तुकडे टाकून जायचे आणि बायका ते शिवून द्यायच्या. सुमनबाईंसारख्या कितीतरी होत्या. ज्यांच्या नवऱ्यांचे माग बंद पडले होते त्यांच्या घरात आता शिलाई मशिनी चालू होत्या.

"तुम्ही ओरडलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण ओरडून नाही होणार. पहिलवानांनी पण नाही होणार. मी बघते."

"काय बघता?"

"बघते," म्हणून त्या गेल्या.

पुढची हकीकत मला सुमनबाईंनीच सांगितली, आणि सांगताना त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांची एक मैत्रीण होती विमला, मागच्या गल्लीत राहायची. तिचीही मशीन. सुमनबाई तिच्याकडे गेल्या, तिच्या मशीनची पट्टी सरकवली आणि खालच्या शटलमध्ये दोऱ्याचा गुंता कोंबून ठेवला. मग दोघींनी मिळून बोंब ठोकली. विमला रडकुंडीला येऊन दत्तूभाऊंच्या खाटेपाशी उभी राहिली. "भाऊ, मशीन बिलकुल अडकली. उद्या माल द्यायचाय. मेकॅनिक म्हणतो परवा येतो."

"इथे घेऊन ये," दत्तूभाऊ म्हणाले.

"एवढी जड मशीन कशी आणू? पाय लोखंडाचे आहेत."

"मग सुमनला विचार."

"मला यंत्रातलं काय कळतं?" सुमनबाई आतून म्हणाल्या. "मी नुसतं पायडल मारते."

दत्तूभाऊंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "काठी कुठंय?"

मागची गल्ली सायकलच्या वाटेवर नव्हती. मधे पायऱ्या होत्या, नाली होती. माणूस चालतच जाणार. गेले, बसले, प्लास्टरचा पाय लांब करून मशीनखाली वाकले, गुंता काढला, आणि हात लावलाच आहे तर सगळी मशीन उघडून तेलपाणी करून दिलं. विमला म्हणाली, इतकी हलकी तर ती नवी होती तेव्हाही चालत नव्हती. ती गोष्ट विमलाने शेजारणीला सांगितली. शेजारणीची मशीन खरोखरच टाके सोडत होती. तिच्या जावेची दोरा तोडत होती.

यानंतर सुमनबाईंना काही करावं लागलं नाही. परदेशीपुऱ्यातल्या शिलाई मशिनी आपणहून बिघडायला पुरेशा होत्या. दत्तूभाऊ सकाळी खांद्याला पिशवी लावून निघत. पिशवीत स्क्रू पिळायचा पेचकस, तेलाची कुपी आणि फडकं. कोपऱ्यावरच्या चौघांनी "कुठे?" विचारलं तर म्हणत, "टाइम नाही भिया, लाइन लागली आहे." विडीही कमी झाली, पण ती माझ्यामुळे नाही. एका घरात त्यांच्या विडीची ठिणगी नव्या फ्रॉकच्या ढिगावर पडली आणि त्या घरच्या आजीने असं काही सुनावलं की त्यांनी कामावर विडी न्यायची सोडली. काम दिवसभराचं, म्हणून विडी जवळजवळ सुटलीच.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा खुर्ची नव्हती, टायरवाल्याची माणसं नव्हती. एकेक पायरी स्वतः चढत आले. राधेश्यामने एक्स-रे आणून माझ्या हातात दिला आणि तिथेच घुटमळला. त्यालाही पाहायचं होतं. काळ्या रेघेवर ढग आला होता. दोन्ही टोकांना कवेत घेणारा, कापसाच्या बोळ्यासारखा धुरकट ढग. मी एक्स-रे उलटा करून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग पाय हातात घेतला. टायरची टाच एका बाजूने पार झिजून कापड दिसायला लागलं होतं. खरं सांगायचं तर एक्स-रेपेक्षा मला त्या टाचेचाच जास्त आनंद झाला.

"राधेश्याम, नवी टाच लाव," मी म्हणाले. ती दुसरी टाचही झिजली, तेव्हा कुठे प्लास्टर काढायचा दिवस आला.

प्लास्टर काढायच्या दिवशी पहिलवान मुद्दाम आले होते, या वेळी गमछा न बांधता. प्लास्टर दोन भागांत उघडलं. आतून पाय निघाला तो अगदी केविलवाणा. बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे सुटलेले. मी नडगी दोन्ही हातांनी धरून वाकवून पाहिली. हलली नाही. दुखलंही नाही. बोटाखाली हाडाची फुगीर गाठ लागत होती, चांगली सुपारीएवढी.

"ही गाठ राहणार?" सुमनबाईंनी घाबरून विचारलं.

"हाड हळूहळू तिला तासून टाकेल. जिथे भार तिथे ठेवेल, बाकीचं काढेल. चालत राहायचं फक्त."

पहिलवानांनी वाकून ती गाठ चाचपली, मान डोलावली आणि जिन्याखाली जमलेल्या लोकांना वरूनच जाहीर केलं, "जुड़ गई! लेप का असर हे, थोड़ा टाइम से आया!" खाली टाळ्या पडल्या. मी राधेश्यामकडे पाहिलं, राधेश्यामने छताकडे पाहिलं. त्या दिवसापासून परदेशीपुऱ्यात दत्तूभाऊंची नडगी पहिलवानांच्या लेपाने जुळली अशीच नोंद आहे. मी खोडून काढायला गेले नाही. हाड जुळवणारी मी तरी कुठे होते? मी टोकं रेषेत ठेवली. बाकी ज्याचं त्याने केलं.

पहिलवान गेले, सुमनबाई रिक्षा बोलवायला खाली उतरल्या. दत्तूभाऊ चप्पल घालायचा प्रयत्न करत होते. इतके दिवस एकच चप्पल लागायची, दुसरी कडक होऊन गेली होती. मान वर न करता ते मला म्हणाले, "मैडम, एक सांगू?"

"सांगा."

"विमलाच्या मशीनमध्ये गुंता होता ना, पहिल्या दिवशी. तो गुंता चालत्या मशीनमध्ये होत नाही. तसा दोरा हाताने कोंबावा लागतो. आणि दोरा जांभळा होता. विमला त्या दिवशी पांढरे परकर शिवत होती. जांभळं काम आमच्या घरी चालू होतं."

मी त्यांची काठी उचलून त्यांच्याजवळ आणून ठेवली.

"जन्मभर माग नीट केले, मैडम. गुंता कोणी केला ते गुंता पाहून कळतं."

"मग त्याच दिवशी घरी जाऊन बोलला का नाहीत?"

दत्तूभाऊंची चप्पल एकदाची पायात गेली. ते काठी टेकून उठले, पाय जमिनीवर टेकवला, जरा थांबले, मग पूर्ण भार टाकला. "काय बोलायचं?" ते म्हणाले. "घरात टीव्ही बघत पडलेल्या नवऱ्यासाठी बाई लोकांच्या मशिनी बिघडवत फिरते. ती काही म्हणाली नाही, मी पण नाही म्हणालो. तुम्ही पण नका सांगू."

आता ते सांगायला हरकत नाही. दोघांनाही जाऊन काही काळ झाला, आणि मला खात्री आहे की सुमनबाईंनाही ते ठाऊक होतंच.

सुमनबाई धापा टाकत वर आल्या. "चला, रिक्षा आणली."

"परत पाठव," दत्तूभाऊ म्हणाले. "चालत जाऊ."

ते एकेक पायरी उतरले. मी खिडकीशी गेले. पोहेवाल्याने त्यांना पाहून काहीतरी आरोळी ठोकली, दत्तूभाऊंनी काठी उंच केली. नाक्यावर डावीकडे त्यांचं घर होतं. सुमनबाई सवयीने डावीकडे वळल्या आणि दोन पावलांनी त्यांच्या लक्षात आलं की नवरा बरोबर नाही.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "घर इकडे आहे!"

"माहितंय मला," दत्तूभाऊ म्हणाले आणि सरळ पुढे निघाले. सुमनबाई क्षणभर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि झपझप पावलं टाकत त्यांना गाठायला गेल्या.